अंगात ताप नव्हता

वडूज
२४ जून २०२५

विहीणबाई बनाबाई यांना सुलाबाईचा नमस्कार.

दोनदा फोन केला. तुमच्या चिरंजीवांनी, भाऊसोंनी तो तुमच्या कानाला लावला, पण तुम्ही तिकडून "कोण पापड तळतंय गं?" एवढंच विचारत राहिलात. म्हणून लिहिते. बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली, त्यामुळे अक्षर बरं आहे. तुम्हाला लागेल.

तुमच्या नातीबद्दल लिहायचं आहे. लग्न होऊन आली तेव्हाच अपेक्षा बारीक होती. मी म्हटलं, माझ्या हातचं खाईल आणि भरेल. पण चार महिन्यांत ती निम्मी झाली. दोन माणसांचं जेवते आणि तरी गळ्याची हाडं दिसतात. हात थरथरतात. चहा आणताना कपबशी वाजायची, तेव्हा मी आधी तिच्यावर ओरडले. ते माझं चुकलं. बसल्या जागी घाम, छातीत धडधड. शेवटी आमच्या ऋषिराजनं साताऱ्याला नेलं. रक्त तपासलं, थायरॉइड वाढलेला निघाला. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त पळते, म्हणून सगळं शरीर तिच्यामागं पळतं, असं डॉक्टर म्हणाले. ती आवरायला रोजची गोळी दिली आहे. दीड वर्ष तरी घ्यायची.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. या गोळीनं हजारात एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपतात. म्हणून घसा धरला, तोंड आलं, ताप आला, तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायला यायचं. मी ते कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवलंय.

आता एक विचारते, राग मानू नका. हे दुखणं लग्नाच्या आधीचं तर नाही ना? असेल तर सांगायला हवं होतं.

आपली,
सुलाबाई


आटपाडी, मळ्यातून
१ जुलै २०२५

सुलाबाईस बनाबाईचा रामराम.

राग मानू नका असं म्हणून माणसं आधी चटका देत्यात आन् मग फुंकर घालत्यात. तुमचं पत्र पोचलं.

आमच्या घरात पोरगी आजारी असती तर म्या झाकून दिली नसती. मेंढरू विकताना बी आमी खोड सांगून विकतो. लग्नाच्या आदल्या दिवशी म्या तिच्या पाठीवर हात फिरवून बघितला हुता. चाळीस वर्सं मेंढरांच्या पाठी चाचपल्या, आत किती हाय ते हाताला कळतं. पोरगी चांगली भरलेली हुती. तुमच्याकडं येऊन वाळली. तुमी काय खायला घालता ते तुमास्नी ठाऊक. लग्नात आमच्या लोकास्नी वाढलं तसंच रोज वाढत असाल तर नवल न्हाई. त्या दिशीची आमटी एवढी पातळ हुती की माझ्या ताटातनं वाहून शेजारणीच्या पानात गेली.

पोरीला आई न्हाई. तीन वर्सांची असल्यापास्नं म्या वाढवली. पंचमीला तिला लावून द्या. दोन आठवडं ठेवते. गोळी काय ती तुमची बी खाईल, म्या अडवत न्हाई. पण गोळीनं मांस चढत न्हाई. मांस चढवायचं आमास्नी कळतं.

अक्षर वाकडं हाय. प्रौढांच्या वर्गात वयाच्या पन्नाशीला शिकले. तुमी सरळ करून वाचा.

बनाबाई


वडूज
१९ ऑगस्ट २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

अपेक्षा पोचली. दारात आली तेव्हा मी ओळखलंच नाही. गाल भरले, हनुवटी गोल झाली, हाताची थरथर जवळजवळ गेली. शेजारची मनुबाई म्हणाली, "सुलाबाई, सून बदलून आणली का?" मी म्हटलं, "गोळी लागू पडली."

काल साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी वजन बघितलं, दोनदा बघितलं. इतक्या लवकर इतकं? असं म्हणाले. पण नाडी सावकाश झालीय, रिपोर्ट सुधारलाय, म्हणून बरं वाटलं त्यांना. मी सांगितलं, डॉक्टर, आजीकडे जाऊन आली. ते हसले.

तेव्हा खरं ते लिहिते. मान तुमचा. आमटीचं मात्र मी विसरणार नाही. ती आचाऱ्यानं केली होती आणि तो आचारी भाऊसोंनी ठरवला होता. विचारा घरात.

सुलाबाई


आटपाडी
२५ ऑगस्ट २०२५
(लाडवाच्या डब्यातली चिठ्ठी. फक्त अपेक्षानं वाचायची.)

अपे,

डबा एस्टीनं लावून दिलाय. वरती शेंगदाण्याचं लाडू, ते सगळ्यास्नी दे. तळाला वर्तमानपत्राची घडी हाय. त्यात पुड्या हायत, तीस. हितं असताना रोज सकाळी दिली तीच, माझ्या गुडघ्याची. म्या तीन वर्सं घेते, बघितलंस न्हवं, काठी टाकली म्या. शनवारच्या बाजारात मेंढरांच्या पलीकडं तो पुडीवाला बसतो, अर्धा तालुका त्याच्याकडनं नेतो. झाडपाला हाय सगळा, त्यानं काय वंगाळ हुत न्हाई. भूक लागती, झोप लागती, अंग धरतं.

सासूला सांगू नको. तिला वाटू दे गोळीनं झालं. तिनं लिवलंय मान तुमचा म्हणून, तेवढं पत्र म्या फडताळात जपून ठेवलंय. पुडीचं कळलं तर मान पुडीवाल्याला जाईल.

रोज एक. चुकवू नको.

आज्जी


वडूज
८ सप्टेंबर २०२५

आज्जे,

तुझी चिठ्ठी वाचली आणि चुलीत घातली. लाडू दोन दिवसांत संपले. ऋषिराज एकटाच अकरा खाऊन गेला आणि वर म्हणतो, तुझ्या आज्जीला सांग, गूळ जरा कमी पडला.

माझे गाल बघशील तर हसशील. आरशात बघितलं की वाटतं कुणीतरी दुसरीच उभी आहे. पुरणपोळी फुगते ना, तसं. लग्नातले ब्लाउज दंडात जात नाहीत असं नाही, दंड बारीकच आहेत. फुगलंय ते तोंड आणि पोट. सासूबाई लय खूश आहेत. गल्लीत कुणी आलं की मला हाक मारून बाहेर बोलावतात आणि मी गेले की म्हणतात, "काही नाही, जा आत." दाखवायला बोलावतात गं. माझ्याशी आता चांगल्या वागतात. परवा स्वतः माझी वेणी घातली. माझ्या आईनं कधी घातली असेल का ते मला आठवत नाही, म्हणून मी मुद्दाम हळूहळू बसून राहिले.

चार दिवस झाले, घसा दुखतोय. जिभेवर आणि गालाच्या आत पांढरे फोड आलेत. तिखट खाता येत नाही. सासूबाईंनी कॅलेंडरवरचं लाल वाचलं आणि घाबरल्या. मग थर्मामीटर आणलं. रोज सकाळ-संध्याकाळ लावतात. ताप अजिबात नाही. अठ्ठ्याण्णवच्या वर जात नाही. म्हणाल्या, ताप नाही म्हणजे त्यातलं नाही, गारठा असेल. वीस तारखेला साताऱ्याला जायचंच आहे, तेव्हा दाखवू.

आज्जे, एक विचारू? डॉक्टरांना पुडीचं सांगू का? मागच्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "दुसरं काही घेतेस का?" मी मान हलवली, पण मला खोटं बोलायला जमत नाही. तू म्हणशील तसं करते.

तुझी,
अपे


आटपाडी
१२ सप्टेंबर २०२५

अपे,

सांगू नको. डॉक्टर लोकास्नी झाडपाल्याचा लय राग. हे बंद कर ते बंद कर म्हणत्यात आन् आपलं दुकान चालवत्यात. पुडी बंद केली की पुन्हा वाळशील, मग तुझी सासू दारात उभी करून लोकास्नी दाखवंल का तुला?

घशाचं काय घाबरती. ताप न्हाई ना अंगात? मग झालं. ताप न्हाई तर दुखणं न्हाई. हळद घालून दूध पी. घसा जास्ती दुखत असंल तर पुडी दोन घे, सकाळी एक संध्याकाळी एक. माझा खांदा धरला हुता तवा म्या दोन घेतल्या, दोन दिसांत मोकळा झाला.

ऋषिराजला सांग, गूळ कमी पडला तर आटपाडीला येऊन स्वतः कुट म्हणावं.

आज्जी


सातारा
१७ सप्टेंबर २०२५
(भाऊसोंच्या हाती)

विहीणबाई,

दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहिते. भाऊसो आज परत येताहेत, त्यांच्याकडे देते.

काल सकाळी अपेक्षा मोरीत पडली. तेव्हाही अंगात ताप नव्हता. ऋषिराजनं दुधाची गाडी रिकामी केली आणि तिला तसंच साताऱ्याला आणलं. रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य आहेत. गोळीनं झालं म्हणाले. घशातून विष सगळ्या रक्तात गेलंय. गोळी बंद केली, सलाइनमधून औषधं चालू आहेत, पण रक्तदाब वर येत नाही. काचेतून बघू देतात.

डॉक्टरांना कोडं पडलंय. म्हणतात, एवढा जंतू रक्तात असताना हिला ताप का आला नाही? चेहरा असा का फुगलाय? घरात दुसरं काही औषध, इंजेक्शन, काढा, पुडी, काही देत होता का? मला तीनदा विचारलं. ऋषिराजला विचारलं. आम्ही नाही म्हणालो. भाऊसोंनी काल निघण्याआधी तुम्हाला ओरडून विचारलं, तुम्ही मान हलवलीत म्हणतात. पण तुम्हाला नीट ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक, म्हणून कागदावर विचारते.

पंचमीला तुमच्याकडे होती तेव्हा तिला काही दिलं होतं का? काहीही. राग धरायची ही वेळ नाही. असेल ते लिहा. भाऊसो उद्या पहाटे परत येणार आहेत, त्यांच्याकडे द्या.

सुलाबाई


आटपाडी
१७ सप्टेंबर २०२५
(भाऊसोच्या हाती)

सुलाबाईस रामराम.

घरचं जेवण, दूध, तूप, लाडू. दुसरं काय न्हाई.

पोरीला सांगा आज्जी येती.

बनाबाई


वडूज
१५ डिसेंबर २०२५

विहीणबाई बनाबाई यांना नमस्कार.

अपेक्षाला जाऊन तीन महिने होत आले. दहाव्याला तुम्ही आलात, माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटलं बरोबर आहे. मी तुमच्या जागी असते तर तेच केलं असतं. तेव्हा जे तोंडानं सांगता आलं नाही ते लिहिते. तुम्हाला ऐकू येत नाही हे माझ्या पथ्यावर पडलं म्हणायचं.

तुमची ठेव मला सांभाळता आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घसा धरला तर या. मी ते माझ्या हातानं लिहून ठेवलं होतं. आणि रोज त्याच्यासमोर उभी राहून मी थर्मामीटर बघत होते. ताप येईल मग जाऊ, ताप येईल मग जाऊ, असे बारा दिवस. बावीस वर्षं अंगणवाडीतल्या पोरांच्या कपाळाला हात लावला, ताप माझ्या हातातून कधी सुटला नाही, याचा मला गर्व होता. मरणाच्या आदल्या दिवशीसुद्धा मी काचेआड जाऊन तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

ऋषिराज माझ्याशी बोलत नाही. ओरडला असता तर चाललं असतं. घरी आल्यावर त्यानं थर्मामीटर काढून माझ्या हातात ठेवलं आणि तो बाहेर गेला. तेव्हापासून एक शब्द नाही. जेवायला चुलत्याकडे जातो, झोपायला दूध केंद्रावर. मी ताट वाढून ठेवते आणि सकाळी म्हशीला घालते. लोक म्हणतात, सुलाबाईनं सून मारली. मी ऐकून घेते, कारण मलाही दुसरं कुणी सापडत नाही.

माफी मागायला लिहीत नाही. ती मिळायची नाही. फक्त तुम्हाला कळावं की मी दुसऱ्या कुणावर ढकललेलं नाही.

सुलाबाई


आटपाडी
४ जानेवारी २०२६

सुलाबाईस बनाबाईचा रामराम.

तुमचं पत्र येऊन दोन हप्तं झालं. वाचलं तवाच उत्तर द्यायला पायजे हुतं. म्या घडी करून फडताळात ठेवलं आन् गप बसले. गप बसायला सोपं हाय, कान न्हाई म्हणून कुणी विचारत बी न्हाई.

आता लिवते. पहिल्या ओळीतच लिवते म्हंजे माघारी फिरता यायचं न्हाई. पोरगी तुमच्या हातनं गेली न्हाई. माझ्या हातनं गेली.

म्या तिला पुडी देत हुते. माझ्या गुडघ्याची, बाजारातली. पंचमीला आली तवापास्नं रोज. लाडवाच्या डब्यात तळाला घालून तुमच्या घरात बी पाठवली. सासूला सांगू नको म्हणून लिवलं. तिनं मला विचारलं हुतं, आज्जे, डॉक्टरला सांगू का. म्या म्हटलं नको. तिनं घसा दुखतोय म्हणून लिवलं, म्या म्हटलं दोन घे. ते बी माझ्याच अक्षरात लिवलंय, तुमच्या सुनेच्या पेटीत असंल. बघा.

तुमी दवाखान्यातनं विचारलं तवा मला नीट समजलं हुतं. कागदावरचं मला ऐकू येतं. म्या न्हाई म्हणून लिवलं. का लिवलं ते सांगते, ते काय मोठं न्हाई. तुमच्यासमोर माझा मान गेला असता. आन् झाडपाल्यानं कुणी मरत न्हाई, असं मनाला म्हणत हुते. दोन्ही धरून न्हाई लिवलं. भाऊसो कागद घेऊन गेला तवा म्या उंबऱ्यावर बसून हुते. हाक मारायची राहिली.

पुडीत काय हाय ते मला मागनं कळलं. मार्गशीर्षात पायात बाभळीचा काटा मोडला, जखम भरंना. भाऊसोनं दवाखान्यात नेलं. नवी डॉक्टरीण हाय, माझ्या नातीच्या वयाची. तिनं पाय बघायच्या आदुगर माझं तोंड बघितलं, मग दंड बघितलं, दंडावरचं काळं-निळं बघितलं. ऐकू येत न्हाई म्हटल्यावर कागदावर लिवलं, आजी, पुडी घेता का? म्या खाली लिवलं, व्हय. आन् मग त्याच कागदावर म्या तिला विचारलं, की एका पोरीला थायरॉइडची गोळी चालू हाय आन् वरनं ही पुडी दिली तर काय हुतं.

ती लिवायला लागली. अर्ध्यात थांबली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा लिवलं. दोन्ही बाजू भरल्या. कागद माझ्यापाशी हाय. त्यातलं मला समजलं ते असं. पुडीत झाडपाला नसतो, स्टेरॉइड नावाचं औषध कुटून घातलेलं असतं. ते ताप दाबतं, दुखणं दाबतं. गोळीनं पोरीच्या अंगातलं राखणदार मारलं, आन् लांडगा आत शिरला तर कुत्र्यानं भुंकायचं ते माझ्या पुडीनं त्या कुत्र्याचं तोंड बांधलं. तुमी थर्मामीटर लावून बसला हुता. ताप आला असता तर तुमी पहिल्याच दिशी गेला असता. ताप म्या खाल्ला, सुलाबाई.

थरथर लवकर थांबली ती बी गोळीनं एकटीनं न्हाई. पुडीनं बी थायरॉइड थोडा दबतो म्हणं. म्हणून तुमच्या डॉक्टरला सगळं बरं वाटलं. आन् पुडी रोज घेतली की अंग आपलं स्वतःचं तसलं काय असतं ते तयार करायचं सोडून देतं. दवाखान्यात गेल्यावर पुडी बंद झाली. आतलं बी बंद, बाहेरचं बी बंद. म्हणून रक्तदाब वर येत नव्हता. त्या दिशी म्या खरं लिवलं असतं तर ते औषध सुईनं दिलं असतं, दिशा तरी कळली असती, असं डॉक्टरणीनं लिवलंय. वाचली असती का, ते म्या विचारलं. तिनं पेन खाली ठेवलं.

गालाचं सांगते. मेंढराच्या जबड्याखाली फुगलं तर आमी त्याला भरलं म्हणत न्हाई. ते पाणी असतं, मेंढरू आतनं पोखरलेलं असतं. तसलं जनावर कुणी फुकट दिलं तरी म्या घेतलं नसतं. माझ्या पोरीनं लिवलं हुतं, तोंड फुगलंय आन् दंड बारीकच हायत. ते वाचून म्या हसले. चाळीस वर्सांचं माझं शहाणपण तिच्या तोंडावर येऊन बसलं हुतं आन् म्या त्याला बाळसं म्हणत हुते. तुमी बी म्हणत हुता. दोघी विहिणी कुणाच्या घरात बाळसं धरलं म्हणून भांडत हुतो.

हे पत्र ऋषिराजला वाचून दावा. तुमी स्वतः वाचायचं. त्याला म्हणावं, आईला जेवायला घालू दे.

पुडीवाल्याकडं गेले हुते. त्याच्या पालात माणसं दाटीनं उभी हुती. म्या काठीनं त्याचं पोतं उलटं केलं. लोकांनी मलाच बाजूला काढलं, म्हातारी येडी झाली म्हणाले. भाऊसो तालुक्याला अर्ज देणार हाय.

माझ्याजवळच्या पुड्या म्या परवा चुलीत टाकल्या. आज तिसरा दिस. डॉक्टरणीनं लिवलंय की एकदम सोडू नका, जिवाला धोका हाय, माझ्याकडं या, गोळी देऊन हळूहळू कमी करू. म्या गेले न्हाई. उठलं की डोळ्याफुडं अंधारी येती, पाणी बी पोटात ठरत न्हाई. भाऊसोला उपास हाय म्हणून सांगितलंय. पोरीचं एकदम बंद झालं, माझं बी हुंदे. त्यात रडण्यासारखं काय न्हाई. बहात्तर वर्सं झाली.

उलट टपाली लिवायची गरज न्हाई.

बनाबाई


वडूज
७ जानेवारी २०२६

बनाबाई,

विहीणबाई लिहायला हात वळला नाही. तुमचं पत्र आज सकाळी अकरा वाजता मिळालं.

ऋषिराज दुधाचे कॅन धुवायला आला होता. मी त्याला दारात अडवलं आणि वाचायला लागले. तो बाहेर बघत उभा होता. "दोन घे" इथपर्यंत आले आणि मला पुढे वाचवेना. मग त्यानं कागद माझ्या हातातून घेतला आणि राहिलेलं सगळं त्यानं मला वाचून दाखवलं. साडेतीन महिन्यांनी मी माझ्या मुलाचा आवाज ऐकला, आणि ऐकला तो तुमचे शब्द वाचताना. वाचून झाल्यावर तो चुलीपाशी बसला. मी भाकरी टाकली. अर्धी खाल्ली त्यानं. मग उठून ओटीवर गेला आणि रडला. मीही रडले, पण माझं रडणं दोन तऱ्हेचं होतं, आणि त्यातली एक तऱ्हा सुटकेची होती याची मला लाज वाटते.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही. खरं लिहायचं ठरलंय तर दोघींनी लिहू. पोरगी काचेआड होती आणि तुम्ही एका ओळीत नाही म्हणालात. ती ओळ मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि थोडं माझंही आहे. कॅलेंडरवर घसा आधी लिहिला होता, ताप मागून. मी उलटं वाचलं, कारण भरलेली सून मला दारात हवी होती. त्या बारा दिवसांतही मी तिला बाहेर बोलावून लोकांना दाखवत होते. हे ऋषिराजलाही आज सांगितलं.

पण तुमच्या पत्राचा शेवट वाचून मला जो राग आला तो तसला नाही. पोरीचं झालं तसं माझं होऊ दे म्हणता. तुम्ही असं मरून आमच्या हिशेबातून सुटाल, असं वाटतं का तुम्हाला? ते मी होऊ देणार नाही. अपेक्षाला आई आठवत नव्हती, तिला माणूस म्हणून ठाऊक होतं ते तुम्हीच. ती लहानपणी कशी बोलायची, कशाला भ्यायची, काय खायची नाही, हे जगात आता फक्त तुमच्याजवळ आहे. आमच्या वाट्याला ती सात महिने आली, त्यातले तीन दुखण्यात गेले. ऋषिराज तिच्याबद्दल कुणाला विचारणार? तुम्ही जिवंत राहून सांगायचं. आवडो न आवडो.

साताऱ्याच्या डॉक्टरांना फोन केला. तुमचं वय, तीन वर्षांची पुडी, पाच-सहा दिवस बंद, अंधारी आणि उलट्या, सगळं सांगितलं. म्हणाले, एक तास दवडू नका, सुई द्यावी लागेल. भाऊसोंना फोन केला. ते म्हणाले, आई आतून कडी घालून पडलीय, उपास आहे म्हणते, काही ऐकत नाही. मी म्हटलं दार फोडा. ते फोडतीलच, पण तुमचा हट्ट मला ठाऊक आहे. उचलून नेलं तरी सुई टोचून घेणार नाही. तुम्हाला फक्त कागदावरचं ऐकू येतं, म्हणून हे लिहिते.

पोस्टानं हे तीन दिवसांनी पोचलं असतं. ऋषिराज गाडी घेऊन निघतोय, पत्र त्याच्या हातात देते. तो तुमच्याशी काही बोलेल असं मला वाटत नाही. बोललाच तर तुम्हाला ऐकू येणार नाही. त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. एवढं वाचून झालं की पायात चपला घाला आणि गाडीत बसा.

सुलाबाई